खोकल्याच्या आधी

४ फेब्रुवारी

चि. दिवटीस,

घर रंगवायला काढलंय. तुझ्या खोलीतलं लोखंडी कपाट हलवायचं तर आधी रिकामं करायला हवं, आणि त्याची चावी सापडत नाही. तुझ्याकडे असेल तर पाठव, नाहीतर कुठे ठेवली होतीस तेवढं कळव. एका ओळीचं काम आहे.

पत्ता मावशीकडून घेतला. तिला बोल लावू नकोस. ती द्यायला तयार नव्हती. मी तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे तिनं हात टेकले. फोन नंबर मात्र दिला नाही. म्हणाली, "तो तिनं दिला तर घे." मीही मागितला नाही. माझा नंबर तोच आहे, बदललेला नाही. हे आपलं सहज लिहिलं.

माझं बरं चाललंय. छातीच्या दवाखान्यात तीच खोली, तेच काम. लोकांच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि ओरडायचं, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका." यंत्र नवं आलंय, पण ओरडायला अजून माणूसच लागतो. फुंकतात पेशंट आणि संध्याकाळी घसा बसतो माझा. बाबा छातीच्या व्यायामाचा फुगा फुगवायला बसले की तू समोर उभी राहून माझी नक्कल करायचीस, आठवतं का.

शनिवारचा वर्गही चालू आहे. सिगारेट ओढताना सापडलेली पोरं शाळा अजून माझ्याकडेच धाडतात. जुन्या एक्स-रेच्या बाहेरची खोली आम्हाला मिळाली आहे. बाकं जमिनीला ठोकलेली, सगळ्यांची तोंडं त्या जाडजूड दाराकडे. पोरं येऊन बसली की आत कोणाचा तरी नंबर लागणार आहे असं वाटतं. एक्स-रे कधीच वरच्या मजल्यावर गेला, दाराच्या आत आता फक्त मोडक्या खुर्च्या आहेत.

यंदाच्या पोरांत एक उंच मुलगी आहे, शाळेच्या संघात गोलकीपर. मी तिला गोलकीपरच म्हणते. एक मुलगा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात, कारण तो प्रत्येक वाक्याला "पण मॅडम" लावतो. मला पाठीमागे फुंकणीबाई म्हणतात असं कळलं. तोंडावर म्हणाले असते तरी चाललं असतं.

पद्धत तुला माहीत नसेल, ती तू गेल्यानंतर सुरू केली. मी त्यांच्या जोड्या लावते. तलफ आली की जोडीदाराला फोन करायचा. बोलायलाच पाहिजे असं नाही. उचलणाऱ्यानं उपदेश करायचा नाही, "का" विचारायचं नाही, नुसतं लाइनीवर थांबायचं. तलफ जाते. प्रत्येकाला वाटतं की आपली जाणार नाही, पण जाते. यंदा पोरं विषम निघाली म्हणून गोलकीपरची जोडीदार मीच झाले.

पहिल्या दिवशी मी काय वाजवते ते तुला ठाऊक आहे. त्यावर लिहीत नाही.

चावीचं बघ.

आई

ता. क. घरात अधूनमधून खोकला ऐकू येतो. भिंतीपलीकडचं बिऱ्हाड केव्हाच गेलं, तिथे कोणी राहत नाही. रंगारी म्हणाला, नळातली हवा असेल. असेल.


२३ फेब्रुवारी

चि. दिवटीस,

चावीचं उत्तर आलं नाही. हरकत नाही, रंगाऱ्यानं कपाट आहे तिथेच ठेवून भोवतीनं रंग दिला. मागे जुना पिवळा राहिलाय. कोणाला दिसणार आहे.

आजचं पत्र चावीसाठी नाही. काल वर्गात एक गोष्ट झाली आणि ती सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

मी पोरांना बाबांचा खोकला ऐकवते. तो बाबांचा आहे हे मात्र कधीच सांगत नाही, "एका पेशंटचा" म्हणते. तुला आठवत असेल, शेवटच्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी एक छोटा रेकॉर्डर दिला होता. दिवसभरात उबळ केव्हा येते, किती टिकते, हे त्यांना ऐकायचं होतं. मी तो बाबांच्या पलंगावरच्या फळीवर ठेवून कामावर जायचे. ते गेल्यावर मी तो दवाखान्यातल्या प्रोजेक्टरवाल्याकडे दिला आणि म्हटलं, सगळ्यात मोठी उबळ असेल तेवढी काढून दे. त्यानं दिली. बाकीचं मी ऐकलं नाही. धीरच झाला नाही.

गेली कित्येक वर्षं ती उबळ मी पहिल्या शनिवारी वाजवते आहे. पोरांची पाचावर धारण बसते. ती खाली मान घालतात, मला वाटतं काम झालं. या वेळी पहिल्या शनिवारी यंत्र बिघडलं होतं, म्हणून काल वाजवली. संपल्यावर वकील म्हणाला, "मॅडम, परत लावा."

"का? मजा वाटली?"

"नाही. मध्ये एक आवाज आहे."

मी मनात म्हटलं, त्याला मध्येच फाटे फोडायची सवय आहे. पण बाकीची पोरंही मान हलवायला लागली, म्हणून लावली. उबळ अगदी टिपेला असताना त्यानं बोट वर केलं. टक्. एवढासाच आवाज.

"झाकणाचा लायटर आहे हा," तो म्हणाला. "माझ्या काकाकडे आहे अस्सा. झाकण बंद केलं कोणीतरी."

"पेशंटनंच केलं असेल," मी म्हटलं.

तेव्हा गोलकीपर बोलली. एरवी ती बोलत नाही. "एवढं खोकताना कसं करतील, मॅडम? दोन्ही हात छातीवर असतात. माझ्या आजोबांचे असायचे."

"म्हणजे जवळ कोणीतरी बसलं होतं," वकील म्हणाला. "त्यानं पेटवून दिली."

इतकी वर्षं मी हे ऐकते आहे, आणि मला तो टक् कधी ऐकू आला नव्हता. मी छातीचे आवाज ओळखणारी बाई. कफ कुठे अडकलाय, हवा कुठून शिटी मारते, हे मला डोळे मिटून सांगता येतं. लायटरचा आवाज ओळखायला सिगारेट ओढणारी पोरं लागली.

वर्ग मी लवकर सोडला. म्हटलं डोकं दुखतंय.

दुपारी मी दवाखान्यात असायचे. बाबांना पलंगावरून उठवत नव्हतं. तू सकाळच्या शाळेतून घरी यायचीस आणि मी येईपर्यंत घरात तुम्ही दोघंच असायचात.

यापुढे आज लिहवत नाही.

आई


१ मार्च

दिवटे,

मागचं पत्र पेटीत टाकल्यावर वाटलं, परत मिळालं तर बरं. पेटीपाशी थोडा वेळ उभीही राहिले. लोक बघायला लागले म्हणून निघाले.

तो टक् आता सगळीकडे आहे. फ्रिजचं दार, दिव्याचं बटण, बसमध्ये कोणीतरी पेनाचं टोपण लावलं तरी मान वळते. काल एका म्हाताऱ्या पेशंटच्या नाकाला चिमटा लावला, तो टक् वाजला, आणि मी "फुंका" म्हणायचंच विसरले. बिचारा नळी तोंडात धरून माझ्याकडे बघत बसला.

लायटर मी त्या वेळी शोधला होता. उशीखाली, कोटाच्या खिशांत, गादीखाली. सापडला नाही, तेव्हा मला वाटलं, यांनी खरंच सोडली आणि लायटर फेकून दिला. मी चारचौघांत अभिमानानं सांगायचे, की शेवटी का होईना, माणसानं ऐकलं माझं.

आता तुमच्या शाळेतल्या त्या दिवसाबद्दल. तुमच्या मुख्याध्यापिकेनं बोलावलं म्हणून मी आले होते, वरचे सगळे वर्ग सभागृहात बसवले होते. तू तिसऱ्या रांगेत कडेला होतीस. मी खोकला लावला आणि तू तो संपायच्या आत उठून बाहेर गेलीस. मला राग आला. आईची लाज वाटते, असं मी धरून चालले. त्या संध्याकाळी तू चपलासुद्धा न काढता दारात उभी राहून विचारलंस, "तू मुद्दाम वाजवतेस ना ते?"

आणि मी म्हणाले, "हो, मुद्दामच वाजवते. ज्याला लागायचं त्याला लागू दे."

मी त्या सभागृहातल्या पोरांबद्दल बोलत होते, गं. मागच्या रांगेत बसून खिदळणाऱ्यांबद्दल. तू मला काय विचारत होतीस ते मला आज कळतंय. तुझ्या हातचा आवाज त्यात होता, तो तुला ऐकू येत होता, आणि तुला वाटलं तो मलाही येतो. मला सगळं माहीत आहे, आणि मी तोंडानं न बोलता गावभर वाजवत फिरते आहे. बाबांना कोणी मारलं ते सांगत. तू असंच समजलीस ना? पुढच्याच महिन्यात तू वसतिगृहात गेलीस, नोकरी लागली तेही मावशीला कळवलंस, आणि मी इथे कपाळावर आठ्या घालून बसले की पोरगी कृतघ्न निघाली.

मला माहीत नव्हतं. हे तुला कोणत्या शब्दांत लिहू म्हणजे तुझा विश्वास बसेल ते कळत नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

खोकला वाजवणं बंद केलंय. पोरांना सांगितलं, तर वकील काय म्हणाला ऐक. "बरं झालं मॅडम. ते ऐकून बाहेर पडलं की आधी सिगारेटच लागते. भीती वाटली की तलफ येते ना." बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे इतक्या वर्षांत त्या खोकल्यानं एकाही पोराची सिगारेट सुटली नसणार. माझं एकुलतं एक पोर तेवढं गेलं.

आई


१५ मार्च

चि. दिवटीस,

आज शिंपीकाकांकडे जाऊन आले. खालच्या मजल्यावरचे. त्यांची माफी मागायची होती.

तू विसरली नसशील. बाबा आजारी असताना घरात सिगारेटचा वास यायचा, पडद्यांना, उशीला. मी सरळ खाली जाऊन शिंपीकाकांवर तोंड टाकायचे, की तुमचा धूर आमच्या खिडकीतून वर येतो आणि माझ्या घरात छातीचा पेशंट आहे. ते म्हणायचे, "मी ओढत नाही हो वहिनी." मी म्हणायचे, "दिवसभर वास येतो, मग काय भिंती ओढतात?" एकदा तर त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर बोलले. त्यानंतर ते जिन्यात भेटले की भिंतीकडे सरकून मला वाट द्यायचे. मी तो त्यांचा अपराधीपणा समजले.

आज मी दारात उभी राहिले तर ते मशीनवर वाकून काज करत होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही ओढत नव्हतात."

"नव्हतो," ते म्हणाले. दोरा दातानं तोडला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"राख माझ्या कुंड्यांत पडायची. वरून."

"मग इतकं ऐकून घेतलंत, बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "पोरगी रोज खाली यायची. तुम्ही घरी यायच्या आत. ओलं फडकं घेऊन माझ्या कुंड्यांची पानं पुसून जायची. एकेक पान. मला वाटायचं मी बघत नाही असं तिला वाटू दे. मग तुम्हाला काय सांगणार?"

मी तिथे बाकावर बसले. त्यांनी पाणी दिलं. मग ते परत मशीन चालवायला लागले. तू कशी आहेस ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. मला काय माहीत.

कुंड्या अजून आहेत. मी पानांना हात लावून पाहिला.

वर्गाचं सांगायचं राहिलं. वकील घसरला. श्वासातला धूर मोजायचं एक यंत्र आहे आमच्याकडे, त्यात फुंकायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, आज आकडा वर येईल. परीक्षेचा निकाल लागला, घरी बोलणी बसली, ओढली." पूर्वीची मी असते तर त्याला फैलावर घेतलं असतं. मी म्हटलं, "जोडीदाराला फोन केलास?" तो म्हणाला, "नाही, लाज वाटली." मी म्हटलं, "लाज वाटते तेव्हाचाच तर फोन आहे तो." त्यानं ते मनावर घेतलं असावं, कारण निघताना एकदाही "पण" म्हणाला नाही.

आणि माझंही एक सांगते, हसू नकोस. तो खोकला मी वर्गात वाजवायचे हे खरं, पण घरीही वाजवायचे. कामावरून आले की पर्स ठेवायच्या आधी. बाबांचा बोलता आवाज माझ्याकडे कुठेच नाही, आपण काही तशी फोटो-व्हिडिओवाली माणसं नव्हतो. तेवढाच एक होता. आता तो बंद केल्यापासून हाताला चाळा लागलाय. परवा राहवेना, तेव्हा गोलकीपरला फोन केला. म्हटलं, "अगं, मलाच तलफ आलीय." कसली ते तिनं विचारलं नाही, नियम पाळला. फक्त म्हणाली, "पाणी प्या मॅडम." तिकडून भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. ती थांबली, मी थांबले. गेली तलफ.

आई


८ एप्रिल

चि. दिवटीस,

प्रोजेक्टरवाल्यानं पूर्ण रेकॉर्डिंग जपून ठेवलं होतं. म्हणाला, कोणी मागेल असं वाटलं होतं, इतकी वर्षं कोणी मागितलंच नाही.

आज रजा टाकली आणि दुपारी ऐकलं. दुपारीच ऐकायचं ठरवलं होतं, तुमच्या वेळेला. बाबांच्या पलंगावर बसले, रेकॉर्डर त्याच फळीवर ठेवला. नव्या रंगाचा वास होता. गोलकीपरला आधी फोन लावून बाजूला ठेवला, म्हटलं, तू ऐकू नकोस, नुसती राहा. ती म्हणाली, "मी गणितं सोडवते, तुमचं चालू द्या."

सुरुवातीला कितीतरी वेळ काहीच नाही. बाबांचा श्वास, आणि खालून शिंपीकाकांचं मशीन. मग दार वाजलं, दप्तर पडलं. तू ते नेहमी असंच टाकायचीस. मग तू म्हणालीस, "बाबा, आज एकच हं." ते म्हणाले, "एकच तर." खिडकी उघडली. लायटर उघडल्याचा आवाज आला, पेटला. मग ते इतक्या समाधानानं "हं" म्हणाले की मला रेकॉर्डर फेकून द्यावासा वाटला.

मग तू म्हणालीस, "आईला वास आला तर?"

"तुझ्या आईला?" बाबा म्हणाले. "वास आला तर ती खाली जाऊन शिंप्याशी भांडेल."

मग तू नक्कल केलीस. माझी. बाबा झुरका घेत होते आणि तू माझ्या आवाजात, अगदी माझ्या त्या बसलेल्या घशात, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका."

आणि ते हसले. तूही हसलीस. किती वेळ हसत होतात तुम्ही दोघं. तसं हसताना त्यांना मी त्या वर्षभरात कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर ते शहाण्यासारखे पडून असायचे, औषध घ्यायचे, "बरं आहे" म्हणायचे. मला हेवा वाटला, दिवटे. इतक्या वर्षांनी, त्या पलंगावर बसून, स्वतःच्या पोरीचा हेवा वाटला.

त्या हसण्यातूनच खोकला सुरू झाला. तू "बाबा, बाबा, पाणी" म्हणालीस, आणि टक्. तू घाईघाईनं झाकण बंद केलंस. पुढचं मला पाठ आहे.

ज्या खोकल्यानं मी इतकी पोरं घाबरवली तो हसण्यातून आला होता, आणि हसले होते ते माझ्याच नकलेला. प्रोजेक्टरवाल्याला मी फक्त उबळ काढ म्हटलं होतं. त्यानं नेमकं तेवढंच काढलं.

आता एक गोष्ट मी माझ्या कामाच्या अधिकारानं सांगते. त्यांच्या छातीत शेवटी काही उरलं नव्हतं. त्यांच्या फुंकण्याची रेघ मीच काढत होते, ती जवळजवळ सपाट झाली होती. दुपारच्या सिगारेटींनी त्यांना मारलं नाही, ते काम आधीच्या तीस वर्षांनी केलं होतं. पण "काहीच फरक पडला नाही" असं लिहिलं तर तू म्हणशील आई खोटं बोलते, आणि बरोबर म्हणशील. थोडे दिवस गेले असतील. ते दिवस त्यांचे होते आणि ते त्यांना तसे घालवायचे होते. तू पंधरा वर्षांची होतीस. त्यांनी तुझ्याकडे मागायला नको होतं. मी त्यांच्यावर यासाठी अजून रागावले आहे, आणि ते नाहीत म्हणून हा राग कुठे ठेवू ते कळत नाही. तुझ्यावर नाही. तुझ्यावर कधीच नव्हता, कारण मला माहीतच नव्हतं, आणि आता माहीत झालंय तरी नाही.

संपल्यावर मी फोन उचलला. गोलकीपर अजून होती. म्हणाली, "मॅडम, तुम्ही रडताय का?" मग म्हणाली, "सॉरी, विचारायचं नसतं."

आई


२७ एप्रिल

चि. दिवटीस,

काल वर्ग चालू असताना फोन आला. अनोळखी नंबर. मी वर्गात फोन उचलत नाही, पण हात गेला.

पलीकडून कोणी बोललं नाही. मी दोनदा "हॅलो" म्हटलं. मग थांबले. श्वास ऐकू येत होता. सात वर्षांची असल्यापासून तुला श्वास घेताना नाकानं बारीक शिटी मारायची सवय आहे, डाव्या नाकपुडीतून. ती होती.

मी उठून त्या एक्स-रेच्या दारापाशी गेले आणि म्हटलं, "बोलायलाच पाहिजे असं नाही. मी आहे."

खोलीतली पोरं चिडीचूप झाली. त्यांना काय चाललंय ते कळलं, हे त्यांच्याच कामातलं होतं. वकिलानं कसलाही आवाज न करता पाण्याचा पेला माझ्या हातात आणून दिला. मी तुला "का" विचारलं नाही. कुठे आहेस, जेवतेस की नाही, एवढी वर्षं कशी काढलीस, सगळं ओठांवर आलं होतं, ते पाण्याबरोबर गिळलं. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही.

मग तुझ्याकडून आला. टक्.

म्हणजे तो तुझ्याकडे आहे. मी म्हटलं, "ऐकू आलं." त्यानंतर तू आणखी थोडी थांबलीस आणि फोन ठेवलास.

तू ओढतेस की नाही, हे मला तुझ्या श्वासावरून कळलं. ते मी लिहिणार नाही. तू शनिवारच्या वर्गातली नाहीस.

पोरांनी विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, "माझी जोडीदार." गोलकीपर जरा रुसली, मग म्हणाली, चालेल, दोन असू शकतात. मग मी त्यांना सांगितलं की तो पेशंट कोण होता. वकिलाला बहुतेक आधीच कळलं होतं, तो खिडकीबाहेर बघत बसला. घसरल्यापासून त्यानं ओढलेली नाही. रोज संध्याकाळी जोडीदाराला फोन करतो आणि त्याच्याशी वाद घालतो. तेवढ्यात तलफ निघून जाते म्हणे.

कपाटाची चावी माझ्याकडेच होती. सुरुवातीपासून. पत्राला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि "तुझी आठवण येते" असं लिहायला मला कपाट आडवं घ्यावं लागलं. कपाट मी उघडलेलं नाही. तुझं तू उघड.

सोबत पेनड्राइव्हवर एक छोटं रेकॉर्डिंग पाठवते आहे. प्रोजेक्टरवाल्याकडून पुन्हा कापून घेतलं. तो म्हणाला, या वेळी कुठून कुठपर्यंत? मी म्हटलं, दप्तर पडतं तिथून धर आणि खोकल्याच्या आधी थांब. त्यानं तीनदा करून दिलं, कारण हसणं आणि खोकला यांच्यामध्ये जागाच फार थोडी आहे. पण जमलं त्याला. नुसतं तुमचं दोघांचं बोलणं-हसणं आहे. माझीही एक प्रत आहे. कामावरून आले की ऐकते, आणि ही तलफ सोडायचा माझा विचार नाही.

फोन करावासा वाटला तर कर. बोललीस तर बोलू.

घरातला खोकला अजून गेलेला नाही. रंगाऱ्यानं नळ तपासले, त्यात काही सापडलं नाही. दुपारी घरी असले की रिकाम्या बिऱ्हाडाच्या भिंतीकडून येतो, बाबांचा यायचा तसाच, अर्ध्यात थांबून पुन्हा सुरू होणारा. परवा मात्र त्याच्या आधी कोणीतरी हसलं.

आई